आधी दारू, मग सिगारेट?

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या माणसाला घरचे, डॉक्टर आणि आधी दारू सोडलेले जुने पेशंट हमखास एकच सल्ला देत आले आहेत : आधी दारू सुटू दे, सिगारेटचं पुढे बघू. सल्ल्यामागे माया असते. दारू संसार बुडवते, नोकरी घालवते, चारचौघांत मान खाली घालायला लावते. सिगारेट यातलं काही करत नाही. रात्री उशिरा सिगारेट ओढून घरी आलेल्या नवऱ्यामुळे शेजारीपाजारी जागे होत नाहीत. तेव्हा एवढा एक आधार त्याच्याकडे राहू दे, दोन्ही एकदम काढून घेतलं तर तो सरळ गुत्त्यावर जाईल, अशी ही समजूत. ती इतकी पक्की बसली होती, की तिची नीट परीक्षा घ्यायला विसावं शतक संपत आलं.

सगळ्यात मोठा धक्का १९९६मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून आला. मेयो क्लिनिकचे डॉ. रिचर्ड हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी दप्तरं उघडली. १९७२ ते १९८३ या काळात ओल्मस्टेड काउंटीतले ८४५ रहिवासी दारू किंवा इतर व्यसनांच्या उपचारांसाठी तिथे दाखल झाले होते. त्यांचं पुढे काय झालं, हे या मंडळींनी शोधलं. २२२ जण दगावले होते आणि २१४ जणांचे मृत्यूचे दाखले मिळाले. त्यातल्या ५०.९ टक्के मृत्यूंच्या मुळाशी तंबाखूशी संबंधित आजार होते, तर ३४.१ टक्क्यांच्या मुळाशी दारूशी संबंधित. वीस वर्षांत या गटातले ४८ टक्के लोक गेले होते. त्याच वयाच्या सामान्य लोकांमध्ये हे प्रमाण साडेअठरा टक्के अपेक्षित होतं. म्हणजे ज्या व्यसनासाठी माणसाला दाखल केलं, त्यापेक्षा ज्याकडे काणाडोळा केला त्या व्यसनाने जास्त बळी घेतले.

दारू सोडवण्याच्या चळवळीतलं सर्वांत मोठं नाव घेतलं तरी हेच दिसतं. १९३५मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन इथे डॉ. बॉब स्मिथ यांच्यासोबत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ सुरू करणाऱ्या बिल विल्सन यांनी दारूला पुन्हा हात लावला नाही, तिच्या विळख्यातून असंख्य लोकांना बाहेर काढलं. सिगारेट मात्र त्यांनी जवळजवळ आयुष्यभर ओढली. जुलै १९७०मध्ये मायामीच्या अधिवेशनात ते व्यासपीठावर आले ते चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनच्या आधाराने. पुढच्या जानेवारीत एम्फिझिमा हा फुप्फुसांचा आजार आणि न्युमोनिया यांनी ते गेले. मीटिंगच्या खोलीत पुढेही धूर राहिलाच. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात ‘एए’च्या २८९ सदस्यांची पाहणी २००८मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८८ टक्क्यांहून अधिक लोक कॉफी पिणारे निघाले आणि सुमारे ५७ टक्के सिगारेट ओढणारे.

ही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. व्यसनांवर उपचार घेणाऱ्यांमध्ये धूम्रपान किती, याचा वीस देशांतल्या ५४ अभ्यासांवरून घेतलेला अंदाज २०१६मध्ये आला. ८४ टक्के! त्याच देशांतल्या सामान्य लोकांमध्ये तो आकडा ३१च्या आसपास होता. दारू पिणाऱ्याच्या खिशात काडेपेटी सापडणं हा योगायोग नाही, हे कुठल्याही परमिट रूममधल्या वेटरला विचारलं तरी कळेल. त्यामागची यंत्रणा मात्र बरीच उशिरा उलगडली. निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर) बसतं, त्यांच्याशी दारूचाही संबंध येतो. दोन्हींमुळे डोपामिन वाढतं. दोन्ही एकत्र घेतली की प्रत्येकीची मजा वाढते. शिवाय सवयीचा भाग आहेच. वर्षानुवर्षं पहिल्या पेगबरोबर पेटलेली सिगारेट ही पुढे पहिला पेग समोर येताच आपोआप हवीशी वाटते. म्हणून सिगारेट सोडलेला माणूस घसरतो तो बहुधा दोन घोट पोटात गेल्यावर. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. भरपूर पिणाऱ्यांच्या शरीरात निकोटिनचा निचरा लवकर होतो, त्यामुळे तलफही लवकर येते. दारू थांबल्यावर काही आठवड्यांत हा वेग उतरतो. उपचारांच्या पहिल्या दिवसांत नेहमीचा निकोटिनचा डोस अपुरा पडण्याचं हे एक कारण असू शकतं.

दोन्ही व्यसनं एकत्र आली, की धोका नुसता दुप्पट होत नाही, तो गुणाकाराने वाढतो. तोंड आणि घशाच्या कर्करोगावरचा अमेरिकेतला १९८८चा अभ्यास यासाठी अजून सांगितला जातो. दिवसाला सिगारेटची दोन किंवा अधिक पाकिटं आणि चारपेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांचा धोका, दोन्हींपासून दूर असणाऱ्यांच्या पस्तीस पटींहून अधिक आढळला होता. २००९मध्ये अनेक देशांतली आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा डोक्या-मानेच्या कर्करोगांतला सुमारे ३५ टक्के वाटा तंबाखू आणि दारू यांच्या जोडीचा निघाला. एकट्या दारूचा वाटा अवघा चार टक्के होता.

एवढं झाल्यावर प्रश्न सोपा वाटतो : दोन्ही एकदम सोडवा. पण तो तितका सोपा नाही.

मिनेसोटातच, मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरात दारूवर उपचार घेणाऱ्या ४९९ धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सिगारेट सोडण्याची मदत दारूच्या उपचारांसोबतच, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. दीड वर्षानंतर सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं, १२.४ आणि १३.७ टक्के. दारूच्या बाबतीत मात्र थांबलेल्या गटाची कामगिरी बरी निघाली. २००४मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि ‘आधी दारू’वाल्यांच्या हाती कोलीत मिळालं.

त्याच वर्षी ज्युडिथ प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी १९ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला आणि तो नेमका उलट होता. व्यसनमुक्तीच्या उपचारांदरम्यान धूम्रपान सोडण्याची मदत मिळालेल्यांमध्ये दारू व अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त होती. सिगारेट सोडायला सांगितलं की दारू परत सुरू होते, या भीतीला हे सरळ उत्तर होतं. गंमत अशी, की सिगारेट सुटण्याचा फायदा उपचार संपताना दिसत होता, पण लांबच्या मुदतीत टिकत नव्हता.

मग कोण खरं? २०१६मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ५,७९६ लोकांचा समावेश असलेल्या चाचण्या तपासल्या गेल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष मध्यम सुरातला, म्हणूनच भरवशाचा वाटतो. औषधं दिली, किंवा औषधांसोबत समुपदेशन दिलं, तर तंबाखू सुटण्याचं प्रमाण दीड पटीहून अधिक होतं. दारू किंवा ड्रग्जपासून दूर राहण्यावर मात्र भला-बुरा काहीच परिणाम दिसला नाही. यात धोका नाही, पण सिगारेट सोडली म्हणून दारू आपोआप सुटेल अशी जादूही नाही. व्यसनमुक्तीचे उत्साही प्रचारक २५ टक्क्यांचा आकडा अजून भाषणांत वापरतात. त्यांनी तो जरा आवरता घेतलेला बरा.

मिनेसोटाच्या चाचणीतला एक आकडा मात्र दोन्ही बाजूंच्या वादात मागे पडला. लगेच मदत देऊ केलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोकांनी ती घेतली. सहा महिने थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आत आलं. हे तर चाचणीतले लोक. त्यांना फोन जात होते, त्यांचा पाठपुरावा होत होता. नेहमीच्या केंद्रात ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सहा महिन्यांनी पेशंट घरी असतो, समुपदेशक बदललेला असतो आणि सिगारेटचा विषय काढायला कुणीच नसतं. म्हणून वादाचं निवारण बहुधा असं : मदत पहिल्या दिवसापासून समोर ठेवायची, ती कधी घ्यायची ते पेशंटला ठरवू द्यायचं, आणि त्याने आज नको म्हटलं तर विषय पुढच्या भेटीत पुन्हा काढायचा. ‘थांब’ म्हणणारा सल्ला चुकतो तो वेळेच्या हिशेबात नाही, विसरण्याच्या सवयीत.

ताणतणावाच्या मुद्द्याचंही असंच झालं. सिगारेट ही अस्वस्थतेवरची काठी आहे, ती काढली तर माणूस कोसळेल, असं मानलं जाई. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली आलेल्या २६ अभ्यासांच्या एकत्रित मांडणीत धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला दिसला. याचं कारण साधं असावं : दिवसभरातली बरीचशी बेचैनी निकोटिनच्याच तलफेची असते आणि पुढची सिगारेट ती तेवढ्यापुरती मिटवते. अमेरिकेत मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या पाहण्यांमध्येही, दारूची समस्या मिटलेल्यांपैकी जे सिगारेट ओढत राहिले, त्यांची दारू पुन्हा सुरू होण्याची शक्यता अधिक आढळली. अर्थात अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. ज्याचं सगळंच ठीक चाललं आहे, तोच दोन्ही सोडू शकतो, असंही असेल.

औषधांचं प्रकरण जास्त रंजक आहे, कारण इथे अपेक्षा आणि निकाल यांची वारंवार फारकत झाली. व्हॅरेनिक्लिन हे औषध निकोटिनच्या कुलपात, म्हणजे त्याच्या ग्राहींत बसतं, पण किल्ली अर्धीच फिरवतं : तलफ शमते आणि वरून ओढलेल्या सिगारेटची मजाही जाते. या ग्राहींशी दारूचाही संबंध असल्यामुळे एका गोळीत दोन पक्षी, अशी आशा वाटू लागली. २०१८मध्ये स्टेफनी ओमॅली यांच्या गटाने १३१ जणांवर ते तपासलं. दारूचं अतिरेकी पिणं पुरुषांमध्ये कमी झालेलं दिसलं, स्त्रियांमध्ये नाही. सिगारेट मात्र औषध घेणाऱ्या ६४ पैकी आठ जणांची सुटली, आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्या ६७ पैकी एकाचीही नाही. शिकागोतल्या अँड्रिया किंग यांच्या २०२२च्या चाचणीत निकोटिनचा पॅच सगळ्यांनाच दिला आणि त्यावर काहींना व्हॅरेनिक्लिन. बारा आठवड्यांअखेर सिगारेट सुटलेले सुमारे ४४ टक्के विरुद्ध २८ टक्के. पिणं दोन्ही गटांत कमी झालं होतं, सारखंच.

मग दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन व्हॅरेनिक्लिनच्या जोडीला देऊन पाहिलं तर? लॉस एंजेलिसमध्ये लारा रे यांनी १६५ जणांवर हे केलं आणि निकाल चक्रावून टाकणारा आला. सहा महिन्यांनी एकटं व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के सिगारेटमुक्त होते; दोन्ही औषधं घेणाऱ्यांपैकी साडेसव्वीस. दोन चांगली औषधं एकत्र दिली की चांगलंच होईल, हा विचार डॉक्टरच्याही मनात येतो आणि केमिस्टच्याही. या चाचणीने तो सोडून द्यायला भाग पाडलं.

सेंट पीटर्सबर्गमधली चाचणी आणखी अवघड लोकांवर झाली : एचआयव्ही असलेले, रोज सिगारेट ओढणारे आणि धोक्याच्या प्रमाणात पिणारे ४०० रशियन. व्हॅरेनिक्लिन, सायटिसिन आणि निकोटिनचा तोंडात मारायचा स्प्रे अशी तुलना होती. २०२२मध्ये कळलं ते असं, की यातलं कुठलंही औषध दुसऱ्याला मागे टाकू शकलं नाही, दारूतही नाही आणि सिगारेटमध्येही नाही. पण औषध कुठलंही असो, ज्यांची सिगारेट सुटली ते कमी पीत होते.

व्यवहारात डॉक्टरांना तीन-चार गोष्टी पाळाव्या लागतात. ब्युप्रोपिऑन हे औषध सिगारेट सोडण्यासाठी वापरतात. पण रोज भरपूर पिणारा माणूस अचानक दारू थांबवत असेल, तर त्याला ते देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्याला नेहमीच्याच प्रमाणात प्यायलेली दारू जास्त चढू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१५मध्ये दिला. आणि रोज पिणाऱ्याने दारू एकदम, घरच्या घरी, कुणालाही न विचारता बंद करायची नसते. थरथर, भ्रम, फिट्स यांतून जीवही जातो. सिगारेट बंद केल्यावर चिडचिड होते, झोप उडते, बद्धकोष्ठ होतो. पण त्याने कुणी आयसीयूत जात नाही. म्हणून डॉक्टर क्रम ठरवतात तो आठवड्यांचा. वर्षांचा नाही.

निकोटिनचं च्युइंगम हे सगळ्यात स्वस्त साधन, आणि सगळ्यात चुकीचं वापरलं जाणारंही. ते चघळत राहायचं नसतं. चार-सहा वेळा चावलं की जिभेला झिणझिण्या येतात, तिखट चव येते; तेव्हा ते गालफडात दाबून धरायचं. झिणझिणी ओसरली की पुन्हा चावायचं. नाहीतर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि माणूस ‘हे मला सोसत नाही’ म्हणून डबी फेकून देतो. गालात तंबाखूची चिमूट धरून आयुष्य काढलेल्याला ही युक्ती शिकवावी लागत नाही. च्युइंगम तोंडात टाकण्याआधी पाव तास कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक चालत नाही, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. मीटिंगला येऊन कॉफीवर कॉफी पिणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आतापर्यंतचं बरंचसं संशोधन उपचारांसाठी येणाऱ्यांवर किंवा मुद्दाम निवडून घेतलेल्यांवर झालं. पण भरपूर पिणारे सगळेच काही केंद्रात जात नाहीत. शनिवारी रात्री आठ पेग घेणारा, सोमवारी वेळेवर ऑफिसला पोचणारा माणूस स्वतःला दारुड्या समजतच नाही. त्याला सिगारेट सोडायची असते आणि त्यासाठी तो हेल्पलाइनला फोन करतो. न्यूयॉर्क राज्याच्या हेल्पलाइनवर अशा सुमारे दोन हजार जणांना दोन प्रकारे मदत दिली गेली. निम्म्यांना नेहमीचं तंबाखूचं समुपदेशन, निम्म्यांना त्यासोबत दारूबद्दल थोडं बोलणं. सात महिन्यांनी सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाण १०.३ आणि १३.५ टक्के होतं. फरक लहान आहे, पण खर्चही फोनवरच्या काही मिनिटांपुरताच आहे.

त्याच राज्याने २००८च्या जुलैमध्ये सगळ्यात धाडसी पाऊल उचललं : परवानाधारक प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्र तंबाखूमुक्त करायचं आणि तिथेच तंबाखू सोडण्याची मदत द्यायची. पेशंटला, नातेवाइकांना आणि कर्मचाऱ्यांनाही आवारात ओढायला बंदी. यातला शेवटचा भाग सर्वांत नाजूक. व्यसनमुक्तीच्या कामात स्वतः त्यातून बाहेर पडलेले बरेच लोक असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात अजून सिगारेट असते. ज्याने स्वतः सोडलेली नाही, तो दुसऱ्याला कसं सांगणार? बहुतेक वेळा तो सांगतच नाही.

महाराष्ट्रात हा सगळा हिशेब वेगळा होतो, कारण इथला तंबाखू जास्त करून पेटवला जात नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, चुन्यात मळलेला तंबाखू, मिश्री, मावा, खर्रा खाणारे-लावणारे २४.४ टक्के. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२मध्ये बंदी घातली आणि सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर २०२०मध्ये. अमेरिकेत पेगबरोबर पेटते ती सिगारेट, इथे विदर्भातल्या गावात क्वार्टरबरोबर खर्र्याची पुडी सुटते. अमेरिकेतल्या सगळ्या चाचण्या सिगारेटवाल्यांवरच्या; त्यांचा निकाल खर्र्याला जसाच्या तसा लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये तंबाखू सोडवण्याबद्दलची पहिली वैद्यकीय मार्गदर्शिका काढली, तेव्हा धूरविरहित तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटिनची साधनं वापरावीत, इतपत शिफारस त्यात आली.

दोन्ही व्यसनांना एकत्र हात घालण्याचा मोठा प्रयत्न गडचिरोलीत झाला. १९९३पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१६मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. नावापासून रचनेपर्यंत त्याचा रोख दारू आणि तंबाखू या दोन्हींवर. गावाने ठराव करायचा, विक्री बंद पाडायची, शाळा-कचेऱ्या तंबाखूमुक्त करायच्या आणि व्यसन जडलेल्यांवर उपचार करायचे, अशी ती चौफेर मांडणी. मिनेसोटातल्या डॉक्टरांना पडलेला ‘आधी काय’ हा प्रश्न इथे गावाला फारसा पडला नाही. बाईच्या दृष्टीने घरातला पैसा दारूत जातो आणि खर्र्यातही जातो.

गोव्यात ‘संगत’ संस्थेने २०१७च्या सुमारास दाखवून दिलं, की डॉक्टर नसलेले, थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रातही दारूवर काम करू शकतात. दहा केंद्रांतल्या ३७७ पुरुषांपैकी समुपदेशन मिळालेल्या ३६ टक्के लोकांचं पिणं तीन महिन्यांनी आटोक्यात आलं. ते न मिळालेल्यांत २६ टक्के. प्रयोग दारूपुरता होता. तोच समुपदेशक, त्याच बाकावर, आणखी एक प्रश्न विचारू शकला असता.

पण तो विचारायचा कुणी, हे देशात कागदोपत्रीच वेगवेगळ्या दारांवर ठरलं आहे. तंबाखू आरोग्य मंत्रालयाकडे. २००७-०८पासूनचा राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आणि १८००-११-२३५६ ही हेल्पलाइन त्यांची. पश्चिम भारतातले फोन घेण्यासाठी तिचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आहे. दारू व इतर नशा सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. २०२०चं नशामुक्त भारत अभियान आणि १४४४६ हा क्रमांक त्यांचा. त्याच मंत्रालयासाठी झालेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत देशात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी निघाली, आणि त्यातल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज असल्याचा अंदाज होता. सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटावर २०१८च्या सप्टेंबरपासून हेल्पलाइनचा क्रमांक छापणं सक्तीचं आहे. २०१९पासून बाटलीवर दारू आरोग्याला घातक असल्याचा आणि पिऊन गाडी चालवू नका असा इशारा छापतात; त्यात कुठे फोन करायचा, हे नसतं. ज्याला दोन्ही सोडायचं आहे, त्याला आज दोन क्रमांक फिरवावे लागतात, आणि पहिल्या क्रमांकावरच्या माणसाने दुसरा सांगितला तर त्याचं नशीब.